कपाटाला पडलेलं मत

माझ्या थोरल्या जाऊबाई पंचायत समितीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना चिन्ह मिळालं कपाट. आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाची किल्ली मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याच कमरेला आहे. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आक्का, घरचं कपाट कमी पडलं व्हय?" त्या हसल्या नाहीत. एरवी माझं बोलणं त्या मनावर घेत नाहीत. आम्ही जावा असून एका चुलीवर नांदतो, यावर गावातल्या बायकांचा अजून विश्वास बसलेला नाही. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाल्या, "टाकीत पाणी यायला पायजे. मग कपाट असू दे न्हायतर खराटा."

हे सगळं लिहू का म्हणून परवा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "नाव कुणाचंच घालू नगंस, मग लिही." म्हणून नावं नाहीत. आमच्याकडे कुणाला नावानं हाक मारायची पद्धतही नाही, त्यामुळे फारसं अडणार नाही.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या फाट्यावरून आत. चहूकडं ऊस, मधे मधे आमच्यासारख्यांची भेंडी, पेरू, डाळिंब. शेताला कालव्याचं पाणी येतं, उशिरा येतं पण येतं. प्यायचं पाणी म्हणाल तर त्याची तऱ्हाच वेगळी. वस्तीच्या डोक्यावर सरकारी योजनेतून टाकी बांधली. टाकीला आकाशी रंग आहे, शिडी आहे, पंधरा ऑगस्टला वर झेंडा लागतो. पाणी तेवढं नाही. पाइपलाइन अशी टाकलीय की पाणी खालच्या गावापर्यंत येतं आणि चढाला लागलं की थांबतं. मग टँकर. टँकर आला नाही की ओढ्याकाठच्या विहिरीवर हंडे घेऊन बायकांची रांग.

टाकी ज्यानं बांधली तो गुत्तेदार इथलाच. आक्कांनी इंदापूरच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्यांना बघून स्वतःच पंखा लावायचा. एकच गोष्ट त्यांनी साधली होती. काम पूर्ण झाल्याचा दाखला त्या माणसाला मिळू दिला नव्हता. एकदा तो दाखला झाला की टाकी कागदावर भरली, मग वर कुणी बघायला येत नाही. आणि नेमका आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला आणि गुत्तेदारानं बायकोला उभं केलं. फ्लेक्सवर त्याचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि तिचा कोपऱ्यात, आधार कार्डावरच्यासारखा. ती निवडून आली की तोच कचेरीत जाऊन बसणार आणि आपला दाखला आपणच काढून घेणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तिच्यासमोर दुसरी होती कारखान्याच्या एका माजी संचालकांची सून. चांगली मुलगी, पुण्यात शिकलेली, हात जोडून हसायची. तिला टाकीशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या सासऱ्यांची आणि गुत्तेदाराची जुनी खुन्नस, एवढंच तिचं भांडवल. आणि तिसऱ्या आमच्या आक्का, अपक्ष.

प्रचाराला मी रविवारी जायची, कारण बाकीचे दिवस बारामतीत एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. दारोदार एकच ऐकू यायचं. "आक्का, तुमच्यासारखं माणूस न्हाय. पर तुमी काय येत न्हाय. तुमाला दिलं तर ती टाकीवाली बसंल." काही जणी तर आक्कांचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या की मत संचालकाच्या सुनेला देणार आहोत. मला संताप यायचा. मी म्हणायची, "आहो, तुमी सगळ्यांनी दिलं तर का नाय येणार?" त्यावर त्या शेजारणीकडं बघायच्या. शेजारीण तिच्या शेजारणीकडं. जो तो दुसऱ्याच्या मतावर नजर ठेवून आपलं मत ठरवत होता, आणि दुसराही तेच करत होता.

एका रविवारी सकाळी आमच्याच रानात भेंडी तोडताना मी बायकांना पदवीधरच्या मतदानाची गोष्ट सांगितली. विधान परिषदेची ती निवडणूक. पदवी असेल त्यालाच मत. आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी नावं नोंदवली तशी मीही नोंदवली होती. तिथं यंत्र नाही, बटण नाही. कागद देतात, जांभळा पेन देतात, आणि नावांपुढे आकडे घालायचे. सगळ्यात आवडता त्याला एक. तो नाहीच आला तर दोन. तोही नाही तर तीन. आपल्या एक नंबरच्या माणसाला थोडीच मतं पडली तर तो बाजूला होतो आणि आपलं मत उचलून दोन नंबरच्या माणसाला जातं. मत वाया जात नाही आणि मनही मारावं लागत नाही.

मला वाटलं होतं समजावायला दुपार होईल. भेंडीच्या ओळीतून एक म्हातारी, भेंडीची खाज लागू नये म्हणून साडीवर घातलेला जुना सदरा सारखा करत म्हणाली, "आगं म्हंजी बाजारला धाडताना सांगतो तसं. वांगी मिळाली तर वांगी आण, न्हाय तर गवार."

"अगदी तसं," मी म्हटलं.

"मग आमाला का न्हाय तसं?"

पोराला बाजारात पाठवताना कुणी असं सांगत नाही की एकच भाजी सांगते, नसली तर रिकामा ये आणि शेजाऱ्यांच्या घरी शिजेल ते खाऊ. पण आमदार, खासदार, पंचायत समितीचे सदस्य निवडायचे झाले की आम्हाला हाच नियम. बारामतीच्या शाळेत एकदा निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण होतं तेव्हा मी तिथल्या एका साहेबांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, ग्रामीण भागात लोकांना आकडे घालायला जमणार नाही." मी म्हटलं, पदवीधरच्या मोजणीला बाद मतांचा ढीग निघतो तो कुणाचा? कुणी आकड्याऐवजी बरोबरची खूण करून येतं, कुणी खाली झोकात सही ठोकून येतं, आणि ते सगळे पदवीवाले. माझ्या वस्तीवरच्या बायका बचत गटाचा हिशेब तोंडी करतात, व्यापाऱ्याच्या काट्यातली खोट नजरेनं ओळखतात. साहेब हसले आणि चहा प्यायला गेले. माझ्या रागाचा उपयोग इतकाच होतो, समोरच्याला चहाची आठवण होते.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या भावकीची बैठक खंडोबाच्या देवळात झाली. भावकी म्हणजे एका आडनावाची, एका मूळपुरुषाची सगळी घरं, आणि वस्तीवरचं मतदान केंद्र म्हणजे जवळजवळ आमची भावकीच. एरवी बायका देवळाबाहेर बसतात. यंदा जागा बायकांची म्हणून त्यांनाही आत घेतलं होतं, केवढी ती मेहेरबानी! मी नव्हते. शाळेत तपासणी होती, आणि फाट्यावर उतरले तोवर बैठक उठली होती. नवरा लोणी देवकरच्या कंपनीत दुपारच्या पाळीला होता, तो थेट रात्री आला. तेव्हा जे झालं ते मला नंतर चार तोंडांनी कळलं, आणि चौघांनी एकच सांगितलं.

भावकीत सगळ्यात वडील आमचे तात्या, माझे चुलत सासरे. माणूस सरळ, पण एकदा बोललेला शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ. ते म्हणाले, भावकीची मतं फुटली तर टाकीवाली येणार. म्हणून एकाच बाजूनं जायचं. कुठल्या बाजूनं, ते सगळ्यांनी ठरवायचं, आणि जो कौल निघंल तो सगळ्यांनी पाळायचा. त्यासाठी आधी बेलभंडारा उचलायचा. आमच्या भागात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर काय होतं ते कुणी बघितलेलं नाही, कारण कुणी मोडलेला नाही. एकेक जण पुढं येऊन भंडारा उचलत गेला. आक्कांनी सगळ्यात आधी उचलला. त्यांची खात्री होती, आपलीच माणसं आहेत, कौल आपल्यालाच येणार.

मग गाभाऱ्यात दोन तांबे ठेवले. एक आक्कांचा, एक संचालकाच्या सुनेचा. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. एकट्यानं आत जायचं, चिंचोका टाकायचा आणि बाहेर यायचं. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसणार नाही. तात्यांनी सगळ्यांना विचारलं, "कुणाला दिली मतं तर टाकीवाली पडंल, ते सांगा."

कुणाला निवडायचं असं त्यांनी विचारलंच नाही. कोण पाडू शकेल, असं विचारलं. बाहेरच्या गावात आक्कांना कोण ओळखतंय, असा प्रत्येकानं मनाशी हिशेब केला आणि गाभाऱ्यात गेला. आक्कांच्या तांब्यात मूठभर चिंचोके निघाले. दुसरा तांबा भरला होता. तात्यांनी दोन्ही तांबे पालथे करून सगळ्यांना दाखवले आणि कौल झाला.

मी घरी पोचले तेव्हा आक्का भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "भावकी तिकडं चालली." बस, एवढंच. थोरले दीर ओसरीवर मोबाइल बघत बसले होते, पण त्याचा उजेड कधीच विझला होता.

दुसऱ्या दिवशी सुटी काढून मी भेंडीच्या ओळीतून एकेकीला विचारत फिरले. तुला कोण पाहिजे होतं? आक्का. मग चिंचोका कुठं टाकलास? तिकडं. का? "बाकीची तिकडंच टाकत्यात असं वाटलं." दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. वांगी-गवारवाल्या म्हातारीचंही तेच. मला रडू यायला लागलं आणि रागही, दोन्ही एकदम. मी तात्यांकडं गेले. म्हटलं, "तात्या, पुन्हा एकदा चिंचोके टाका. या वेळी विचारा, कोण पायजे. बघा काय निघतंय."

तात्या शांतपणे म्हणाले, "सुनबाई, तुजं बोलणं खोटं न्हाय. पर भंडारा उचललाय."

"चुकीच्या प्रश्नावर उचललाय."

"प्रश्नावर न्हाय, देवापुढं उचललाय."

आक्कांचा अर्ज मागं घ्यायची मुदतही निघून गेली होती. यंत्रावर कपाट छापलं जाणार होतं आणि त्याला माझ्याशिवाय घरचं एकही माणूस नव्हतं. तरी आक्का शेवटपर्यंत फिरल्या. आमच्या वस्तीवर नाही, इथं फिरून काय उपयोग. पलीकडच्या गावांत, जिथं असाच टँकर येतो आणि असेच हंडे असतात तिथं. त्यांच्या माहेरच्या, कळसच्या, दोन चुलत बहिणी सोबत असायच्या. संध्याकाळी पाय धुताना म्हणायच्या, "तिकडची बायामाणसं चांगली बोलत्यात गं." मला वाटायचं, तोंडावर सगळेच चांगलं बोलतात.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी एकत्र गेलो. मी भंडारा उचललेला नव्हता. मी कपाटाचं बटण दाबलं, जरा जास्तच जोरात दाबलं. माझ्यामागून आक्का आत गेल्या आणि बाहेर आल्या. बोटावरची शाई वाळेपर्यंत त्या दोन्ही हात लांब धरून चालत होत्या. आम्ही वाटेत भेंडीच्या भावाबद्दल बोललो.

मोजणी इंदापुरात. थोरले दीर प्रतिनिधी म्हणून आत होते. दुपारी बाहेर येऊन त्यांनी फोन केला तेव्हा घरात मी आणि आक्काच होतो. मी फोनचा आवाज मोठा केला. दीर आधी निकाल बोलले. टाकीवाली आली, थोडक्यात आली. संचालकाची सून पडली, जरा कमी पडली. आणि तिसऱ्या आक्का, पण त्या दोघींच्या इतक्या जवळ की दीरांनी तिघींचे आकडे दोनदा वाचून दाखवले. पलीकडच्या गावांनी कपाटाला भरभरून दिलं होतं. "आपली भावकी जर संगं असती," ते म्हणाले आणि मधेच थांबले. आमच्या वस्तीची मतं कपाटात असती तर आक्का निवडून आल्या होत्या. आणि आक्का उभ्याच राहिल्या नसत्या तर संचालकाची सून आली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आकडे घालायची सोय असती तर यातलं काहीही घडलं नसतं. शेजारणीचं मत ओळखायला नको, कुणाला पाडायला नको, देवाला मधे घालायला नको. पण ज्यांनी नियम बदलायचा ते याच नियमानं निवडून आलेले. ते कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतील?

मग दीर म्हणाले, "आन आपल्या केंद्रावर कपाटाला एक मत हाय."

एक. ते मत माझं होतं. नवऱ्यानंही भावकीचा शब्द म्हणून तिकडंच दिलं होतं, ते त्यानं मला आधीच सांगितलं होतं. मी आक्कांकडं बघितलं. त्या पीठ चाळत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी अंगणात भावकी जमली. पलीकडच्या रस्त्यावरून गुत्तेदाराची मिरवणूक चालली होती, डीजे आमच्या टाकीखाली आणून उभा केला होता. पुढच्याच महिन्यात त्याला दाखला मिळाला, आणि टाकी आता कागदावर पाण्यानं भरलेली आहे. पण त्या संध्याकाळी अजून तेवढं झालं नव्हतं आणि सगळ्यांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. एका दिरानं सुरुवात केली. "वहिनी, तुमी उभ्या ऱ्हायला नसता तर आज हे दिसलं नसतं. तुमीच मतं खाल्ली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्या बायांनी आक्कांचा हात धरून डोळे पुसले होते त्याही होत्या. तात्या सगळ्यात शेवटी बोलले, आणि ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं.

"हार-जीत व्हत आसती," ते म्हणाले. "पर भावकीत एकानं भंडारा मोडला. केंद्रावर एक मत पडलंय. ते कुणाचं, ह्ये विचारायची गरज न्हाय. सोताच्या मताचा मोह आवरला न्हाय, आक्का?"

मी उठले. माझ्या तोंडात शब्द तयार होते, ते मत माझं आहे, मी कुठलाही भंडारा उचलला नव्हता. एवढ्यात आक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या तात्यांना म्हणाल्या, "चुकलं माजं, तात्या." तात्या उठले आणि त्यांच्यामागे अंगण रिकामं झालं.

आत आल्यावर मी अक्षरशः भांडले. म्हटलं, "आक्का, ते माझं मत हाय, तुमाला ठावं हाय. तुमी तर शब्द पाळला. सोताला सोडून तिला दिलं. देवापुढं सगळ्यांत खरं बोललेलं माणूस तुमी, आन तुमीच खोटं ठरलात? मी आत्ता जाऊन तात्यांना सांगते."

त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेर डीजे वाजत होता, त्यामुळे त्यांना जवळ येऊन बोलावं लागलं.

"ते मत माजं म्हणून ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "भंडारा मोडला म्हणतील, म्हणू दे. पलीकडच्या गावच्या बायांनी माझ्यावर इश्वास टाकला. मी सोतावर टाकला न्हाय, ह्ये त्यांला कळू देऊ नगंस."